आधी तुझी दाढ काढून दाव

आमच्या आप्पांनी उभ्या आयुष्यात शेकडो बैलांच्या तोंडात हात घातला असेल. बाजारातून बैल आणायचा म्हटलं की गावातली माणसं वडिलांना, म्हणजे आमच्या आप्पांना, बरोबर घेऊन जायची. आप्पा बैलाचा ओठ वर करायचे, दातांवरून अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, "दोन दाती हाय, घे." नाहीतर, "जुळलाय ह्यो, सगळं दात आल्यात, वय झालंय. नगं घेऊस." आणि हाच माणूस स्वतःच्या तोंडात कुणाला डोकावू देईना. उजवीकडची वरची दाढ किडून तिचा नुसता खुंट उरला होता. सोप्यात गालाला हात लावून बसायचे. दुखतंय का विचारलं तर म्हणायचे, "दुखत न्हाय. असा हात लावून बसलं की बरं वाटतंय."

आमचं गाव निपाणी-चिकोडी रस्त्याच्या आत, उसाच्या पट्ट्यात. घर जैनाचं. दिवस बुडायच्या आत जेवण उरकायचं आणि मग सकाळी ऊन वर येईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. आप्पा तर पाणीसुद्धा घेत नाहीत. म्हणजे दिवसात जेवणं दोन, आणि त्या दोन्ही वेळा आप्पा दुधात कुस्करून अर्धी भाकरी खायला लागले होते. सदरा खांद्यावरून उतरायला लागला. मी बेळगावात शाळेत शिकवते, गावापासून लांब. एक दिवस भावजयीचा फोन आला.

"आक्का, आज आप्पांनी शेंगाची चटणी परत दिली."

मी खुर्चीवरून उठलेच. आमच्या आप्पांनी शेंगाची चटणी परत दिली! ताटात दुसरं काही नसलं तरी चालायचं त्यांना, पण चटणी लागायची, आणि तीसुद्धा भाकरीच्या कडक पापुद्र्याबरोबर.

आता कुणी म्हणेल, म्हातारा सुईला घाबरतो. तसं नव्हतं. आप्पांचा डावा डोळा कधीच गेलाय. मोतीबिंदू फार पिकू दिला, मग ऑपरेशन झालं तरी नुसता उजेड आणि सावली एवढंच कळतं. सगळा कारभार उजव्या डोळ्यावर. आणि दाढ नेमकी त्याच डोळ्याखालची. वरची दाढ काढली की डोळा जातो, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक असतं. सदलग्यातल्या कुणा एका माणसाचा म्हणे तसा गेलाच होता. हा माणूस कोण, कुठल्या गल्लीतला, त्याला बघितलेला एकही जण मला आजवर भेटलेला नाही. पण आप्पांना तो रोज भेटत होता. दाढ काढा म्हटलं की तो सदलग्याचा माणूस दारात उभाच.

त्या थंडीत मी सुट्टी घेऊन गावी गेले. माझीही डावीकडची अक्कलदाढ, अगदी मागची, दोन महिने छळत होती. त्या सकाळी काकतीच्या पुढं बस हायवेला लागली तेव्हा जी ठणकायला लागली ती निपाणीपर्यंत. या दाढेपायी केसांना रंग लावायचा पण राहून गेला होता. घरी पोचले तर आप्पा गालाला हात लावून बसलेले, आणि मी पण गालाला हात लावून उंबऱ्यात. भाऊ हसून हसून लोळायचा तेवढा राहिला.

"आप्पा, उद्याच जाऊ," मी म्हटलं. "किती दिवस असं काढणार?"

आप्पांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग म्हणाले, "आधी तुझी दाढ काढून दाव. मग बघू माझं."

त्यांना वाटलं, ही घाबरणार. मी घाबरतच होते, खोटं कशाला बोलू? दोन महिने बेळगावातला दवाखाना टाळत होते. पण एकदा शब्द आला म्हटल्यावर माघार घेईन तर मी आप्पांची लेक कसली! तिथल्या तिथं निपाणीतल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, उद्या दुपारी चारला या. मी म्हटलं, येते.

फोन ठेवला तर भाऊ माझ्याकडं बघत होता. "चारला? आक्का, दिवस कवा बुडतोय ठाऊक हाय न्हवं?"

झाली का पंचाईत! बेळगावात आमच्या घरी रात्री नऊला जेवणं होतात. आप्पांना ते ठाऊक आहे. ते विचारत नाहीत, मी सांगत नाही. पण त्या नऊच्या सवयीनं मी गावात बसून चारचा नंबर घेतला होता. थंडीचे दिवस, सहा वाजून गेले की गावात दिवे लागतात. दाढ काढून घरी यायचं आणि उजेडात जेवायलाही बसायचं. त्यात आप्पा समोर बसून माझा घास न् घास बघणार. मी जेवले नाही तर त्यांच्या हिशेबी निकाल लागला: दाढ काढली आणि पोरगी घासभर खाऊ शकली नाही.

दुसऱ्या दिवशी भावानं गाडीतून नेलं. वाटेत म्हणतोय, "अक्कलदाढ काढालीस आक्का, हाय ती अक्कल पण जायची हां." मी नुसता गाल दाबून धरला. बोलण्याजोगी नव्हते.

डॉक्टरीणबाई माझ्या शाळेतल्या नव्या मास्तरणींच्या वयाच्या. कानडीत बोलायला लागल्या, मग माझा चेहरा बघून मराठीत आल्या. सुई टोचली तेव्हा डोळ्यातून पाणी आलं, ते मी नाकारत नाही. मग ओठ, जीभ, हनुवटी सगळं एकेक करून निघून गेल्यासारखं झालं. त्या चिमटा घेऊन वाकल्या. दुखलं नाही, पण आवाज! डोक्याच्या आत कुणीतरी जुनं दार उघडतंय असा कर्रकर्र आवाज. मी खुर्चीचा दांडा धरून मनात णमोकार म्हणत होते, तो अर्ध्यावर आला आणि बाई म्हणाल्या, "झालं."

"झालं?" मी विचारलं. तसं विचारलं असं मला वाटलं, तोंडातून काय निघालं देव जाणे.

"झालं की. कापूस तासभर दाबून धरा. थुंकायचं नाही, गरम खायचं नाही. आणि बधिरपणा जाईपर्यंत जेवायचं नाही हं, गाल चावला जातो, कळत पण नाही. ही गोळी जेवल्यावर."

मी मान हलवली. मान हलवताना माझं लक्ष खिडकीतल्या उन्हाकडं होतं.

परतताना पुढं उसाचा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या, त्याही उसानं ओसंडलेल्या, मोठ्यानं गाणी लावलेली, आणि बाजूनं काढायला रस्ता नाही. सूर्य उसावर टेकत चालला होता. भाऊ हॉर्न मारतोय, ट्रॅक्टरवाला गाण्यात रंगलेला. मी कापूस दाबून, बंद तोंडानं त्याला काय काय बोलले ते बरं झालं कुणाला ऐकू गेलं नाही.

घरी पोचलो तर ताटं मांडलेली. आप्पा जेवायला बसले नव्हते. "आक्का येऊ दे, बरोबर बसू," म्हणून थांबले होते. भावजयीनं माझ्यापुढं मऊ भात आणि गार दूध ठेवलं. शहाणी बाई. मी कापूस टाकला, चूळ भरल्यासारखं केलं आणि बसले.

"दुखालंय?" आप्पांनी विचारलं.

"छे," मी म्हटलं.

पहिला घास कुठं गेला ते मला कळलंच नाही. डावी बाजू माझी नव्हतीच. दूध ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर, हनुवटीवरून पदरावर. मी हसले. ते हसू अर्धंच आलं असणार, कारण भावजय तोंडाला पदर लावून आत पळाली. आप्पा काही हसले नाहीत. एक डोळा बारीक करून बघत होते, बैलाला चालवून बघावं तसं.

इथं थांबले असते तर निभावलं असतं. पण माझं डोकं! मला वाटलं, भात काय, तो आजारी माणूसही खातो, याचा आप्पांवर काय परिणाम होणार? मी ओरडून म्हटलं, "गं, मला भाकरी आण. आणि चटणी."

"आक्का!" आतून आवाज आला.

"आण म्हटलं न्हवं!"

आली भाकरी. मी तुकडा मोडला, चटणी लावली, उजवीकडं घातला आणि चावला. मस्त लागला. दुसरा तुकडा घातला. आप्पांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला दिसलं ते. ते माझ्या तोंडाकडं नाही, त्या भाकरीकडं बघत होते. जिंकले असं वाटलं मला. तिसरा तुकडा मी ऐटीत चावला.

"आक्का, रगत!" भावजय किंचाळली.

हनुवटीला हात लावला तर हात लाल. मी माझाच ओठ आतून चावत होते, भाकरीबरोबर, आणि मला पत्ता नव्हता.

आप्पांनी घास खाली ठेवला. उठले, कोनाड्यातली बॅटरी आणली, माझी हनुवटी धरून मान वर केली. "आ कर."

मी आ केलं. भाऊ, भावजय, किंचाळी ऐकून आलेली शेजारची काकू, सगळे बघालेत. आप्पांनी बॅटरी मारून आत बराच वेळ बघितलं. मग बॅटरी बंद केली.

"ही तर खालची," ते म्हणाले.

"काय?"

"खालची दाढ काढलीस गं तू. खालच्या दाढंचा आणि डोळ्याचा काय संबंध? डोळ्याची वाट वरच्या दाढंतनं जातीया."

माझा पारा चढला. सुई टोचून घेतली, ट्रॅक्टरमागं रखडले, स्वतःचा ओठ खाल्ला, आणि हे म्हणतात खालची! रक्त पुसायचंही भान राहिलं नाही. जे तोंडात येईल ते बोलले. तुम्ही हट्टी आहात, म्हटलं. बैलांचे दात बघून गावभर शहाणपण सांगता आणि स्वतःचं तोंड सडू देता, म्हटलं. आणि मग ते आलंच तोंडावर, जे दोन महिने पोटात होतं.

"अर्धी भाकरी खाताय तुम्ही आप्पा. सदरा बघा, दुसऱ्याचा घातल्यासारखा दिसालाय. तिकडं बेळगावात फोन वाजला की मला धस्स होतंय. मला भ्या वाटालंय."

आप्पा उभेच होते, हातात बॅटरी घेऊन.

"मला बी भ्याच वाटालंय की गं," ते म्हणाले. "एकच तर हाय."

आणि सोप्यात जाऊन बसले. त्यांचं ताट अर्धं तसंच राहिलं. बाहेर बघितलं तर दिवस बुडालेला. म्हणजे आता ते उद्या ऊन येईपर्यंत अर्धपोटी, आणि हे माझ्यामुळं. मला इतकं वाईट वाटलं की मी ताट ढकललं आणि आतल्या खोलीत जाऊन पडले.

भूल उतरायला लागली तसा ठणका सुरू झाला. गोळी जेवल्यावर घ्यायची होती, आणि पोटात तीन तुकडे भाकरी. या घरात दिवे लागल्यावर कुणी चूल पेटवलेली मी जन्मात बघितली नव्हती. मी मागणारही नव्हते.

दारात आप्पा आले. हातात दुधाचा पेला आणि ती गोळी. दूध गारच होतं, पण साय काढलेली होती, मला साय आवडत नाही म्हणून.

"आप्पा, दिवस बुडालाय."

"तुझा बेळगावात नवाला बुडतोय म्हणं," ते म्हणाले. "घे. औषध हाय ते, जेवाण न्हाय."

मी प्यायले. ते पेला रिकामा होईपर्यंत उभे राहिले. अर्ध्या जेवणावरून उठलेला माणूस माझ्यासाठी पेला धरून उभा, आणि मी घटाघटा पितेय. डोळ्यात पाणी आलं माझ्या. त्यांनी विचारलं, "दुखालंय?" मी म्हटलं, "व्हय, लई." ते म्हणाले, "आता खरं बोललीस," आणि पेला घेऊन गेले.

पुढचे दिवस माझा गाल असा सुजला की आरशात बघून मलाच हसू यायचं. गावातली बायामाणसं बघायला यायची आणि येताना औषध घेऊन यायची. एकीनं लवंग आणली, एकीनं हळद. एक म्हातारी तंबाखूची चिमूट घेऊन आली, दाढेत धर म्हणाली. निपाणीच्या बाजूला तंबाखूवर माणसांचा भलता विश्वास. मी मिठाच्या गार पाण्यानं हळू चूळ भरायची, गार आंबील प्यायची आणि आयतं लोळायची. खरं सांगते, लग्नानंतर माहेरी इतकं लोळायला कधी मिळालं नव्हतं. भावजय म्हणायची, "आक्का, अजून एक दाढ काढून घ्या की."

आप्पा रोज सकाळी माझा गाल बघायचे. आणि मग एक परीक्षा घ्यायचे. "उजवा डोळा झाक. आता सांग, पलीकडल्या बांधावर गाय हाय का म्हस?"

"म्हस."

"आता डावा झाक."

"अजून म्हसच हाय आप्पा."

"खालची व्हती न्हवं," ते म्हणायचे आणि जायचे. मी उशी फेकायची तेवढी बाकी ठेवायची.

सूज उतरली, गालावर पिवळट डाग तेवढा राहिला. मी बेळगावला परतायची पिशवी भरत होते तेव्हा आप्पा आले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी.

"चल."

"कुठं?"

"निपाणीला. फोन लावलोय मी. पयला नंबर हाय, सकाळचा. तुझ्यागत चारचा घ्यायला मी काय खुळा हाय?"

मी पिशवी तशीच टाकली. कशानं मन वळलं, विचारायची माझी छाती झाली नाही. विचारलं आणि सदलग्याचा माणूस परत दारात आला तर?

दवाखान्यात त्यांनी डॉक्टरीणबाईंना कानडीत बरंच काही सांगितलं. बाईंनी डाव्या डोळ्यात बघितलं, उजव्या डोळ्यात बघितलं, मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "कण्णिगे एनू आगल्ला, अज्जा." डोळ्याला काही होत नाही, आजोबा. आप्पांनी मान हलवली. खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, "तू हितं थांब. म्होरं. अशी." आपल्या समोर, भिंतीला लागून त्यांनी मला उभं केलं. मग उजवा डोळा घट्ट मिटून घेतला. डावाही मिटला.

मी उसनं हसत उभी होते. तो सदलग्याचा माणूस आता मलाही दिसायला लागला होता. बाई काम करत होत्या, आप्पांच्या हाताच्या शिरा वर आलेल्या, आणि मी माझाच चावलेला ओठ परत दातात धरलेला.

"आयितु अज्जा," बाई म्हणाल्या. झालं.

त्यांनी कापूस दाबून बसवला. आप्पा हलले नाहीत. डोळे मिटलेलेच. बाईंनी परत सांगितलं. आप्पा तसेच. उघडून बघायचं धाडस होत नव्हतं त्यांना, ते मला कळत होतं. मी पुढं सरकले आणि त्यांच्यासमोर वाकले.

हळूच उजव्या डोळ्याची फट उघडली. मग आणखी. मग पूर्ण. पाणावलेला, लाल, पण उघडा. तो डोळा माझ्या तोंडावर फिरला, गालावरच्या पिवळ्या डागावर थांबला, तिथून कानाकडं गेला आणि तिथंच थांबला. आप्पांच्या कपाळाला आठी पडली.

बोलायचं नाही, असं बाई सांगत होत्या. पण आप्पांनी कापसावरूनच विचारलं, "आक्का, केस पिकल्यात की गं तुझे?"

"व्हय आप्पा," मी म्हटलं. "पिकल्यात."

"बरं झालं," आप्पा म्हणाले. "म्हंजे बराबर दिसालंय मला."